नावं घालणारा

वेंगुर्ल्याच्या बाजारात, परुळेकरांच्या दुकानाच्या पायरीवर
माझं स्टूल.
आतून एक वायर येते, सुईला कापरं भरतं
आणि माणसं एकमेकांची कोण लागतात
ते मी भांड्यावर ठिपक्याठिपक्यानं लिहितो.
अक्षराला दोन रुपये. काना-मात्रा फुकट.

म्हणून नाती माझ्याकडे आखूड होऊन येतात.
चि. सौ. कां. हीस मामाकडून.
'सप्रेम' घालू का विचारलं
की गिऱ्हाईक बोटं मोजतं,
बहुतेक जण म्हणतात, नको, कळताच ता.

दाभोलीचे दोन भाऊ आले होते एकदा.
कातळावरच्या सात कलमांवरून
अकरा वर्षं अबोला,
पण भाचीच्या लग्नात घंगाळ द्यायचं तर एकट्याला परवडेना.
थोरल्यानं कागदावर नाव लिहिलं,
धाकट्यानं त्याच्याखाली आपलं.
मी विचारलं, मध्ये 'आणि' घालू की 'व'?
धाकटा माझ्याकडे बघून म्हणाला, "तेंका इचार."
थोरला रस्त्याकडे बघून म्हणाला,
"'व' घाल. सवाय पडता."
दोन रुपयांचं बोलणं झालं त्यांचं.
घंगाळ मात्र दोघांनी दोन कड्यांना धरून नेलं,
जड होतं म्हणून असेल.

उभादांड्याची सत्यवती गिरप
एक डबा घेऊन आली, पोचे आलेला.
त्यावर नाव जुबेदा मुल्ला.
"डबो तिचो. ती म्हणता माझो.
रिकामो धाडूचो नाय म्हणान
नव वर्सां फिरताहा हयसून थयसर."
ईदच्या शेवया इकडे, काकडीचं धोंडस तिकडे,
मध्ये एकदा तापाची औषधंही.
आता जुबेदा मुलाकडे निघाली रत्नागिरीला.
जाताना डबा हिच्याकडेच राहिला, कुणी ठरवलं नव्हतं,
पाळी हिची होती एवढंच.
"तिच्या नावाक लागान माझा घाल."
मी सवयीनं विचारलं, मध्ये 'व' घालू?
"कित्याक? नुसता घाल."

पुसायला येतात तेही.
शिरोड्याची ती अकरा भांडी घेऊन आली, दुपारची,
बाजार झोपलेला असताना.
आडनाव काढायचं होतं.
मी सांगितलं, बाई, स्टीलवरचं पुसत नाही.
खरवडलं तर चरा पडतो
आणि चरा नावापेक्षा लांबून दिसतो.
ती उठेना. घामानं पदर भिजला होता.
मग मी अक्षरांवरून वेल नेला,
वेलांटीचा देठ केला, कान्याची काडी,
उरलेल्याची पानं.
आता कुणी बघितलं तर नक्षी.
खाली काय आहे ते दोघांना ठाऊक.
बाजारात दिसली की ती मान हलवते, थांबत नाही.
याला काय म्हणायचं?
माझ्या कागदावर तसा शब्द नाही,
असता तर किती अक्षरांचा झाला असता कोण जाणे.

आणि परुळेकर.
मी पहिल्या दिवशी मशीन घेऊन आलो तेव्हा म्हणाले,
"बस दोन दिवस पायरीवर. मग बघू."
सव्वीस वर्षं झाली, ते 'मग बघू' आलंच नाही.
मी नोकर नव्हतो, भागीदार नव्हतो,
विजेचं बिल त्यांचं, चारचा चहा आळीपाळीनं.
एकदाच भांडलो, 'ऋ' नीट आला नाही यावरून,
आठवडाभर चहा दोघांनी वेगवेगळा घेतला,
आठव्या दिवशी त्यांनी दोन ग्लास ठेवले
आणि म्हणाले, साखर कमी आसा.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं
पन्नास वाट्या आणून ठेवल्या, वर्षश्राद्धाला वाटायला.
मजकूर लिहून दिला.
तुम्ही त्यांचे कोण, असं त्यानं विचारलं नाही.
बरं झालं.
कै. रघुवीर परुळेकर यांच्या स्मरणार्थ.
सोळा अक्षरं, पन्नास वाट्या, सोळाशे रुपये.
शेवटच्या वाटीला सुई जरा घसरली,
ती मी बाजूला ठेवली, पदरची दुसरी घातली.

पैसे घेतले.
फुकट केलं असतं तर
परुळेकर रागावले असते.